बँकॉकमध्ये ९० दिवसांचा रिपोर्ट अडला तेव्हा

थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी इमिग्रेशन ऑफिसला आपला पत्ता कळवायचा असतो, तोच हा रिपोर्ट. तिथल्या काउंटरवर कळलं, घरमालकीणबाईंनी माझा टीएम ३० (परदेशी माणूस घरात राहतोय हे कळवायचा फॉर्म) भरलेलाच नव्हता. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ही नोंद करायची जबाबदारी घरमालकाची. अडतो मात्र भाडेकरू. फोनवर आवाज चढवायचा मोह आवरला. थायलंडमध्ये चारचौघांत कुणाला खजील केलं की ते काम अडलंच म्हणून समजा.

ऑफिसातल्या थाई सहकारी ताईंना मध्यस्थ केलं. संध्याकाळी घरमालकीणबाईंकडे फळं घेऊन, चपला बाहेर काढून, हात जोडून आत गेलो. आधी निवांत पावसापाण्याच्या गप्पा (कंटाळवाण्या, पण त्या हव्यातच). मग घराच्या नोंदणीपुस्तिकेची आणि ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स मिळाली. ती आणि भाडेकरार घेऊन नोंद मीच केली. रिपोर्टला मुदतीनंतर ७ दिवस मिळतात, त्यामुळे दंड टळला.