बोर्ड काढण्याआधी कॅमेरा उभा करा: टीव्हीच्या स्टोरीबोर्डमधल्या या चुका टाळा

बोर्ड, म्हणजे शूटआधी शॉटगणिक काढलेल्या चित्रांची पानं, हातात आला की कॅमेरामन आधी जागा शोधतो. "उभा कुठे राहू?" हा त्याचा पहिला प्रश्न. ज्या फ्रेममध्ये याचं उत्तर नाही, ती कितीही देखणी असली तरी सेटवर तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून शिकून या कामात उतरू पाहणाऱ्या मुलामुलींचे बोर्ड माझ्याकडे येतात. हात उत्तम असतो, रेषेत जीव असतो आणि गाडी नेमकी याच प्रश्नापाशी अडते. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तेच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. रोजच्या मालिकेच्या रोजच्या सीनला बोर्ड लागत नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी 22 मिनिटांच्या आसपासचा एपिसोड रोज उभा करायचा असतो. दोन-तीन कॅमेरे लावून दिग्दर्शक फ्लोअरवरच ब्लॉकिंग करतो, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं आणि कुठे हलायचं ते ठरवतो. बोर्ड मागितला जातो तो प्रोमोसाठी, टायटलसाठी, जाहिरातीसाठी, अपघात किंवा आगीच्या सीनसाठी आणि जिथे व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर तयार होणारी दृश्यं) आहे तिथे. अ‍ॅनिमेशनच्या मालिकेत मात्र बोर्डाशिवाय पान हलत नाही, कारण तिथे बोर्डावर जे ठरतं तेच पुढे पडद्यावर येतं. काम मागायला जाताना हा फरक डोक्यात हवा. प्रोमो करणाऱ्या टीमला कौटुंबिक सीनच्या साठ फ्रेम्स दाखवून उपयोग नाही.

समुद्रातून उगवणारा सूर्य

गोव्यातल्या प्रोमोंच्या बोर्डात ही चूक सर्रास दिसते. नायिका पहाटे किनाऱ्यावर उभी आणि समोर पाण्यातून सूर्य वर येतोय. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मिरामार असो की मोरजी, सूर्य पाण्यात मावळतो आणि उगवतो तो पाठीमागच्या डोंगरांवरून. पाण्यावरची पहाट हवीच असेल तर नदीकडे या. रायबंदरच्या फेरी धक्क्यावरून मांडवीच्या वरच्या अंगाला पूर्व येते. तिथे फ्रेम बसेल आणि चोडणची फेरीही फुकट मिळेल.

सूर्यास्ताचा सीन काढताना घड्याळ समोर ठेवा. आपल्या अक्षांशावर सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत दोन-सव्वादोन मिनिटं जातात. बोर्डात बिंबासकट सात फ्रेम्स असतील आणि त्या सात वेगवेगळ्या जागांवरून असतील, तर युनिटला तोच सीन करायला सात संध्याकाळ लागतील. यावर उपाय आहे. बिंब एकाच फ्रेममध्ये ठेवा, तीही लाँग, म्हणजे दुरून घेतलेली. बाकीचे शॉट्स असे काढा की कॅमेऱ्याची पाठ समुद्राकडे आणि पात्रांच्या तोंडावर उजेड. ते शॉट्स बिंब टेकण्याआधीच्या अर्ध्या तासात घेता येतात. शिवाय जूनमधली आणि डिसेंबरमधली सूर्यास्ताची जागा एकमेकींपासून 45 अंशांहून जास्त दूर असते. पावसाळ्याआधीच्या रेकीतला (जागेच्या पाहणीतला) फोटो समोर ठेवून डिसेंबरचा बोर्ड काढलात, तर सूर्य बाजूच्या डोंगरकड्यामागे गेलेला असू शकतो.

भरती-ओहोटीकडे तर कुणी बघतच नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. रेकीच्या दिवशी सकाळी दहाला ज्या कोरड्या खडकावर तुम्ही नायकाला बसवलंत, तो खडक पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाण्याखाली असेल. शूटची तारीख विचारा, भरतीचा तक्ता बघा आणि वेळ फ्रेमखाली लिहून टाका. प्रॉडक्शनची माणसं यासाठी मनापासून आभार मानतात.

तसंच होड्यांचं. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैत शूट होणाऱ्या प्रोमोत ट्रॉलर समुद्रात निघालेले दाखवलेत तर ते आणणार कुठून? आणि आकाशातून घेतलेले टॉप शॉट्स काढण्याआधी ड्रोनच्या परवानगीचा सरकारी नकाशा बघून घ्या. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, पेडण्यात मोपाचा विमानतळ. एवढ्याशा राज्यात लाल-पिवळ्या झोनने बरीच जागा व्यापली आहे. चित्रीकरणाच्या परवानग्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा या सरकारी संस्थेमार्फत मिळतात. तुमचा बोर्ड पुष्कळदा त्या अर्जाआधीच तयार होतो, म्हणून त्यात काय मागितलंय याची जबाबदारी तुमच्यावर येते.

भिंतीच्या आत उभा असलेला कॅमेरा

स्टुडिओतल्या सेटला तीनच भिंती असतात, चौथ्या बाजूला कॅमेरे. पडद्यावर मालिका बघून बघून आपल्या डोळ्याला तेवढं अंतर सवयीचं होतं. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा मालिकांची युनिट्स गोव्यात उतरली, मे महिन्यात इथली परवानगीही रद्द झाली. त्या थोड्या दिवसांत हॉटेलं आणि खरी घरं हाच सेट होता. खऱ्या घराला चार भिंती असतात आणि त्यातली एकही सरकत नाही.

यासाठी एक हिशेब पाठ करून ठेवा. सुपर 35 सेन्सर (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागाचं एक माप) आणि 25 मिमीची लेन्स असेल, तर कॅमेऱ्यापासून जितकं अंतर, साधारण तितकीच रुंदी फ्रेममध्ये येते. 50 मिमी असेल तर अंतराच्या निम्मी. आता उभं माणूस डोक्यापासून पायापर्यंत दाखवायचं तर साडेसहा फूट उंची फ्रेममध्ये हवी. टीव्हीची फ्रेम 16:9, म्हणजे रुंदी झाली साडेअकरा फूट. 25 मिमीला तेवढंच, साडेअकरा फूट अंतर लागेल आणि 50 मिमीला 23 फूट. बारा फुटांच्या खोलीत पात्र भिंतीला टेकून उभं नसेल, तर 25 मिमीवरही ही फ्रेम बसत नाही. अशा वेळी पात्र कमरेपासून वर काढा किंवा कॅमेरा दाराबाहेर नेऊन चौकटीतून बघा. चौकटीतून घेतलेली फ्रेम बहुधा जास्त बोलकी निघते, असा माझा अनुभव आहे.

दिसायला वाइड, म्हणजे सगळी खोली दाखवणारी, पण चेहऱ्यांचं प्रमाण दुरून घेणाऱ्या लाँग लेन्सचं, अशी फ्रेम हाताने सहज काढता येते. लेन्सने ती घेता येत नाही. कॅमेरामनला हे एका नजरेत कळतं आणि मग तो तुमच्या बाकीच्या फ्रेम्सवरही विश्वास ठेवत नाही.

लुक जुळत नाही

एडिटरकडून येणारी ही नेहमीची तक्रार. लुक म्हणजे पात्र फ्रेममध्ये कुठल्या बाजूला बघतंय ते. ती बोर्डावरच पकडता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोंड्याकडच्या जुन्या हिंदू घरात मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक असतो, भोवती खांब आणि सोपे (ओसऱ्या), मध्ये तुळस. समजा, सून तुळशीपाशी पश्चिमेला उभी आहे आणि सासू पूर्वेकडच्या सोप्यावर. दोघींना जोडणारी रेषा ओढा. कॅमेरा दक्षिणेला असेल तर सून फ्रेममध्ये डावीकडे, तिचा लुक उजवा. सासू उजवीकडे, तिचा लुक डावा. इथपर्यंत ठीक. मग सासूचा क्लोज तुम्ही उत्तरेच्या बाजूने काढता, कारण तिथून तिच्यामागे देवघराची समई दिसते. रेषा ओलांडली गेली आणि आता सासूचाही लुक उजवा झाला. हे दोन क्लोज एकामागोमाग लागले की दोघी तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. भांडणाचा सगळा ताण तिथेच संपतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक सीनच्या पहिल्या पानावर जागेचा छोटा नकाशा काढा, त्यावर पात्रं आणि कॅमेऱ्याचे आकडे टाका. प्रत्येक फ्रेमखाली "लुक डावा" किंवा "लुक उजवा" लिहा. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांखाली एकच शब्द आला तर तिथे घोळ आहे.

समई सोडवत नसेल तर मार्ग आहेत. बरोबर रेषेवरून समोरचा एक शॉट मध्ये घाला. किंवा सासूला सोप्यावरून चालवत पलीकडे न्या, म्हणजे प्रेक्षकासमोरच रेषा फिरते. किंवा ट्रॉली (रुळांवरून कॅमेरा नेणारी गाडी) तिच्याभोवती फिरवा, पण सोप्याची रुंदी आधी मोजा. जुन्या घरांतले सोपे ट्रॉलीच्या ट्रॅकला पुरतीलच असं नाही, आणि खांब मध्ये येतात ते वेगळंच. सजेशन शॉट, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसरा दाखवणारा शॉट, काढतानाही हेच पथ्य. ज्या खांद्यावरून बघता तो खांदा रेषेच्या त्याच बाजूचा हवा.

घराचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीचं सांगणं. गोव्यातलं घर म्हटलं की बाल्कांव (दारापुढची बसायची जागा) आणि शिंपल्यांच्या खिडक्याच काढायच्या, ही बाहेरून आलेली सवय आपण तरी मोडूया. ती घरं आपलीच आहेत आणि सुंदर आहेत. पण कथेतलं कुटुंब कुठल्या तालुक्यातलं, कुठल्या चालीरीतींचं, हे न विचारता काढलेलं घर पार्श्वभूमीला टांगलेला पडदा होऊन बसतं. कला दिग्दर्शक बोर्डाकडे बघूनच सामान मागवतो.

वेळ आणि चौकट

आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम्स. 20 सेकंदांच्या प्रोमोत शेवटचे तीन-चार सेकंद मालिकेचं नाव, वार आणि वेळ यांना जातात. राहिले सोळा. त्यात चाळीस शॉट्स काढलेले बोर्ड मी पाहिले आहेत. संवाद मोठ्याने, पात्राच्या गतीने वाचा आणि मोबाइलवर वेळ लावा. मनातल्या मनात वाचलेला संवाद नेहमी लवकर संपतो.

फ्रेमच्या चारही कडांपासून 5 टक्के जागा अक्षरांसाठी आणि महत्त्वाच्या तपशिलांसाठी वर्ज्य समजा. वर कोपऱ्यात चॅनलचा लोगो असतो, खाली पुढच्या कार्यक्रमाची पट्टी येते. हातातलं पत्र, मंगळसूत्र, विषाची बाटली असं कथेला वळण देणारं काहीही तळाशी ठेवू नका. आता त्याच प्रोमोची मोबाइलसाठी उभी आवृत्तीही मागतात. 1920 रुंदीच्या फ्रेममधून उभा 9:16 तुकडा कापला तर हाती साधारण 607 पिक्सेल राहतात, म्हणजे एक-तृतीयांशाहून कमी. दोन टोकांना उभी असलेली दोन पात्रं त्यात मावत नाहीत. उभी आवृत्ती हवी का, हे पहिल्याच फोनवर विचारा आणि हवी असेल तर तिचे वेगळे थंबनेल्स (छोटी कच्ची चित्रं) काढा.

बाणांबद्दल थोडक्यात. पात्राचा बाण फ्रेमच्या आत, कॅमेऱ्याचा बाहेर. झूम आणि ट्रॉली-इन दोन्हींसाठी चौकटीत चौकट काढतात, म्हणून शेजारी शब्दात लिहा. झूममध्ये मागचं आणि पुढचं एकदमच मोठं होतं, ट्रॉलीत जवळच्या वस्तू बाजूने निघून जातात. सेटवर दोन्हींची तयारी वेगळी असते.

पाठवताना

फ्लोअरवर तुमचा बोर्ड बहुधा ए4 वर, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये फिरतो. फिकट करड्या रेषा आणि रंगांवर अवलंबून असलेला अर्थ तिथे उडून जातो. पाठवण्याआधी स्वतः एक साधी प्रिंट काढा आणि हाताच्या अंतरावरून वाचा. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. स्टोरीबोर्डर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे.

शॉटचे आकडे एकदा मंजूर झाले की पुन्हा बदलू नका. बारा आणि तेराच्या मध्ये नवा शॉट आला तर तो 12-ए. गाळलेला शॉट "रद्द" असं लिहून जागेवरच ठेवा. तुम्ही आकडे पुढे सरकवलेत तर सहायक दिग्दर्शकाची यादी, व्हीएफएक्सची यादी आणि एडिटरचे बिन्स (शॉट्सचे फोल्डर), तिन्ही चुकतात. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती घाला. "फायनल", "फायनल नवीन" अशी नावं देऊ नका.

पैशांचं बोलणं कामाआधी, लेखी. त्या मेलमध्ये चार गोष्टी असू द्या: फ्रेम्स किती, ठरलेल्या पैशांत दुरुस्तीच्या फेऱ्या किती, त्यानंतरच्या फेरीचा दर काय आणि प्रोमो प्रक्षेपित झाल्यावर त्या फ्रेम्स पोर्टफोलिओत दाखवता येतील का. प्रक्षेपणाआधी एकही फ्रेम बाहेर जाऊ देऊ नका, मित्रालासुद्धा नाही. कथेचं वळण त्या एका चित्रात असतं. पोर्टफोलिओत पाच मोठी रंगीत चित्रं लावण्यापेक्षा संवादाचा एक आणि धावपळीचा एक असे दोन पूर्ण सीन नकाशासकट लावा. शक्य असेल तर त्यातला एक खऱ्या, मोजलेल्या घरात बेतलेला असू द्या.