व्हॅल्युअरच्या परीक्षेतली गणितं, आणि तेवढी साल्व्हेज विसरू नका

गेल्या खेपेला माझे तीन मार्क कमी पडले. आयबीबीआयची, म्हणजे इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्डाची, रजिस्टर्ड व्हॅल्युअर (मालमत्तेची किंमत ठरवणारा) परीक्षा, लँड अँड बिल्डिंग. साठ टक्क्यांना पास, मी सत्तावन्नवर. घरी येऊन आठवतील तशी गणितं पुन्हा मांडली तेव्हा कळलं की घसाऱ्याची, म्हणजे जुनी होताना इमारतीची किंमत किती घटते त्याची, दोन चुकली होती आणि दोन्ही एकाच कारणाने. साल्व्हेज व्हॅल्यू, म्हणजे आयुष्य संपल्यावरही इमारतीची उरणारी किंमत, वजा करायची राहिली होती. दोन-दोन मार्कांचे प्रश्न. चार मार्क तिथे गेले, आणि चुकलेल्या प्रश्नाच्या मार्कांतले २५ टक्के वर कापतात, म्हणून आणखी एक गेला. आता दुसऱ्यांदा बसतोय, ऑफिसातली दोघं पहिल्यांदा बसतायत. त्यांना रोज तोंडी सांगतो ते एकदा लिहून काढतो.

पन्नास तासांचं ट्रेनिंग झालेलं असेलच. कायद्याचा भाग पाठ होतो, त्याबद्दल मी बोलत नाही. गणिताला मात्र तीन आठवडे राखून ठेवा आणि पहिल्याच दिवशी साधा कॅल्क्युलेटर विकत आणा. मेमरी नसलेला, दुकानात गल्ल्यावर असतो तसा. सायंटिफिक चालत नाही, फायनान्शियल चालत नाही. कॉलेजपासून सायंटिफिकची सवय असलेला इंजिनिअर १.०८ चा पाचवा घात काढायला बसला की हात अडतो. १.०८ दाबा, गुणिले दाबा, मग बरोबरचं बटण दाबत जा. एकदा दाबलं की १.१६६४, चारदा दाबलं की १.४६९३, हा पाचवा घात. म्हणजे जितवा घात हवा त्याहून एकदा कमी दाबायचं. काही कॅसिओंवर गुणिले दोनदा दाबावं लागतं, आपल्या हातातल्या यंत्रावर बघून घ्या. परीक्षेला जो न्यायचा त्याच्यावरच सराव करा, दुसऱ्यावर नको.

मग एकक. नाशिकच्या बाजारात सगळे चौरस फुटात बोलतात, रेडी रेकनरचा दर चौरस मीटरवर असतो आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर). १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. आपल्याकडे म्हसरूळ-मखमलाबादला जमिनीचं बोलताना 'आर म्हणजे गुंठाच' असं सरळ म्हणतात. व्यवहाराच्या बोलण्यात ते खपतं. पेपरात ४० आर म्हणजे ४३,०५६ चौरस फूट आणि ४० गुंठे म्हणजे ४३,५६०. पाचशे चार फुटांचा फरक पडतो आणि पर्याय इतके जवळजवळ असतात की तेवढ्यात उत्तर बदलतं. दर ज्या क्षेत्रावर दिलाय, कार्पेट की बिल्टअप, त्याच क्षेत्राला गुणायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जातो.

आता घसारा. इथे थांबा आणि नीट वाचा.

पंचवटीतली चाळीस वर्षं जुनी इमारत धरा. बांधकाम १,२०० चौरस फूट, आज नव्याने बांधायचं तर फुटाला २,००० रुपये, म्हणजे २४ लाख. एकूण आयुष्य ६० वर्षं. घाईत माणूस काय करतो? चाळीस भागिले साठ, दोन तृतीयांश गेलं, १६ लाख घसारा, उरले ८ लाख. पर्यायांत ८ लाख समोरच असतात. उत्तर जुळलं म्हणून शंकाही येत नाही. मी नेमकं हेच केलं. प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत 'साल्व्हेज १० टक्के धरा' एवढंच लिहिलेलं होतं. म्हणजे घसारा २४ लाखांवर नाही, त्याच्या ९० टक्क्यांवर, २१ लाख ६० हजारांवर. त्याचे दोन तृतीयांश १४ लाख ४० हजार. इमारतीची आजची किंमत ९ लाख ६० हजार. एक लाख साठ हजारांनी उत्तर चुकलं, एका ओळीपायी.

मला याचं जास्त लागलं, कारण मोडीची किंमत म्हणजे काय हे मी डोळ्यांनी बघितलंय. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवताना मी दोन दिवस तिथे उभा होतो. कडीपाट निघाला, सागाच्या तुळया एकेक करून खाली आल्या, कोरीव खांब गोणपाटात गुंडाळून ट्रकवर चढले. वाडा उतरवणाऱ्यानेच मालकाला पैसे दिले, मालकाने त्याला नाही. इमारतीचं आयुष्य संपतं तेव्हा तिची किंमत शून्यावर येत नाही, खाली मोड उरते आणि मोडीला गिऱ्हाईक असतं. घसाऱ्याच्या सूत्रात साल्व्हेज वजा होते ती याचसाठी. हे ज्याने बघितलंय त्यानेच पेपरात विसरावं, याचा मला अजून राग येतो.

आणि साल्व्हेज एकाच सूत्रात नसते, म्हणून पुन्हा सांगतो. सिंकिंग फंडात (इमारत पुन्हा उभारायला दरवर्षी बाजूला टाकून साठवायची रक्कम) साल्व्हेज आहे: १० लाखांची इमारत, १० टक्के साल्व्हेज, तर फंड १० लाखांचा नाही, ९ लाखांचा उभा करायचा. घटत्या शिल्लक पद्धतीत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के घसारा) साल्व्हेज आहे, दरच साल्व्हेज आणि मूळ खर्चाच्या गुणोत्तरावरून निघतो. भाड्याच्या उत्पन्नावरून किंमत काढताना इमारतीचं आयुष्य मर्यादित असेल, तर शेवटी जमीन आणि मोड हातात येते, त्या दोन्हींची आजची किंमत भाड्यावरून काढलेल्या किमतीत मिळवायची असते. जमीन लक्षात राहते, मोड राहत नाही. प्रश्नात साल्व्हेज शून्य असं स्पष्ट लिहिलं असेल तरच सोडा. आणि घसारा फक्त बांधकामाला, जमिनीला कधीच नाही.

भाड्याची गणितं. महिन्याचं भाडं आधी बाराने गुणा, मग खर्च काढा, मगच वायपी (इयर्स परचेस, म्हणजे १०० भागिले परताव्याचे टक्के) लावा. २५ हजार भाडं, वर्षाचे ३ लाख, २० टक्के खर्च वजा, निव्वळ २ लाख ४० हजार. परतावा ८ टक्के, तर वायपी १२.५, किंमत ३० लाख. खर्च न काढता गुणलं तर साडेसदतीस लाख येतात, आणि तोही आकडा पर्यायांत ठेवलेला असतो. घरपट्टी हा खर्चच, पण ती बाजारभावावर लावू नका. वार्षिक भाड्यातून १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढायचं आणि प्रश्नात दिलेला कराचा दर त्यावर. ८ हजार भाड्याच्या घराचं वर्षाचं भाडं ९६ हजार, करयोग्य मूल्य ८६,४००.

भाडेपट्ट्याच्या जमिनीत, सातपूर-अंबडच्या एमआयडीसी प्लॉटसारख्या, पट्टा ९५ वर्षांचा की उरलेली वर्षं किती, ते बघा. गणित उरलेल्या वर्षांचंच. बेल्टिंगला, म्हणजे रस्त्यापासून मागे जाताना जमिनीचे पट्टे पाडून कमी कमी दर लावतात तिथे, पट्ट्यांची खोली आणि दराचं प्रमाण प्रश्नात देतात तेच घ्या, पाठ केलेलं लावू नका.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही नको. रोज दहा गणितं, घड्याळ लावून. पेपर दोन तासांचा, जे येत नाही ते सोडा, पाव मार्क उगाच घालवू नका. प्रत्येक उत्तराआधी प्रश्नाची शेवटची ओळ परत वाचा. आदल्या दिवशी ओळखपत्र, हॉलतिकीट, कॅल्क्युलेटर एका पिशवीत. झोपा.

सेंटरवर रफ कागद हातात आला की पहिला प्रश्न उघडायच्या आधी वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात 'साल्व्हेज' लिहा आणि त्याखाली दोन रेघा ओढा.