सप सर्फिंगचा पहिला बोर्ड: लिटरच्या आधी रुंदी बघा

सप (स्टँड-अप पॅडल) सर्फिंग म्हणजे बोर्डवर उभं राहून पॅडल, म्हणजे लांब वल्हं, मारत लाटांवर सर्फ करणं. माझं वजन 78 किलो आणि मी पहिलाच बोर्ड घेतला 95 लिटरचा (लिटर म्हणजे बोर्डचं आकारमान), 8 फूट 2 इंच लांब, 28 इंच रुंद. का, तर मस्त सर्फ करणारे सगळे तसलेच छोटे बोर्ड घेऊन दिसायचे. वर उभा राहिलो की डेक (बोर्डची वरची बाजू) जेमतेम पाण्याच्या पातळीला, वजन जरा मागे गेलं की टेल (मागचं टोक) खाली आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात, आणि पॅडल थांबलं की मी धपकन आडवा. लाटांपर्यंत पोचेस्तोवर दहा वेळा पडून दम निघालेला असायचा, मग लाट पकडणार कोण?

हिशोब खरंतर सोपा आहे. एक लिटर साधारण एक किलो तरंगवतो, पण त्यात बोर्डचं स्वतःचं 8-9 किलो, ओला वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख), पॅडल हे पण धरायचं असतं, म्हणजे माझ्या 95 मधले शिल्लक राहिले फक्त पाचेक लिटर! नवीन असाल तर वजनाच्या पावणेदोनपट ते दुप्पट लिटर धरा, हात बसला की दीडपटीच्या खाली या.

पण नुसत्या लिटरवर जाऊ नका, इथेच बरेच जण फसतात. 130 लिटरचा अरुंद जाडा बोर्ड आणि 130 चाच रुंद पातळ बोर्ड, दोन्ही तरंगतील सारखेच पण अरुंदवर पाय लटलटतात. सुरुवातीला 31 ते 33 इंच रुंदी बरी. कडा फार जाड नकोत, वळताना लाटेत रुततच नाहीत (फुगवायच्या बोर्डांचं हेच दुखणं). लांबी 9 ते 10 फूट, लांब बोर्ड लाट लवकर पकडतो पण वळतो आळशासारखा. सपाट पाण्याचा साडेदहा फुटी बोर्ड लाटांवर नेऊ नका, पुढून पुरेसा वर वळलेला नसतो त्यामुळे उभ्या लाटेवर नाक खुपसतो आणि तुम्ही थेट पुढे.

आणि भीतीपोटी 180-200 लिटरचं धूडही नको, फेसातून बाहेर काढताना लाट ते तुमच्याच अंगावर फेकते, मागे कोणी असेल तर त्याच्याही.

घ्यायच्या आधी ट्राय करायला मिळाला तर शांत पाण्यात सर्फिंगसारखे पाय मागेपुढे ठेवून उभे राहा, पॅडल न मारता खांद्यावरून मागे बघा. तिथेच तोल जात असेल तर खवळलेल्या पाण्यात विसराच.

मी पुढे 150 लिटर, 32 इंचावर आलो, दोन सीझननंतर 125 घेतला. वारा असला की अजूनही मुकाट्याने 150 वालाच उचलतो.