दाट झाडीतला डिस्क गोल्फ कसा खेळावा

डिस्क गोल्फ समजायला सोपा आहे. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फ्रिसबीसारखी चपटी डिस्क फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. मोकळ्या मैदानावर या खेळात हाताच्या ताकदीला मोठी किंमत असते. उद्यानातल्या दाट झाडीत मात्र लांब फेकणारा खेळाडू सरळ फेकणाऱ्याच्या मागे पडतो, आणि झाडावर आदळलेल्या डिस्कचे पुढे काय करायचे हे ठरवता आले नाही, तर सरळ फेकणाराही फेकी वाया घालवतो. माझ्या मते अशा मैदानावर गुणपत्रक पहिल्या फेकीमुळे क्वचितच बिघडते; ते बिघडते तिच्यानंतरच्या उतावीळ फेकीमुळे. पुढील विवेचनात उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकणारा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट वाचाव्यात.

पिशवीत डिस्कची गर्दी नको. एक पटर (टोपलीजवळच्या हळू फेकीची डिस्क), एक सरळ जाणारी मिडरेंज (मध्यम अंतराची) आणि एक मध्यम वेगाचा फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकीची) एवढ्यावर झाडीतले बहुतेक होल, म्हणजे टीपासून टोपलीपर्यंतचे टप्पे, खेळता येतात. बऱ्याच डिस्कवर छापलेले चार आकडे अनुक्रमे वेग, ग्लाइड (हवेत तरंगत राहणे), टर्न (सुरुवातीला उजवीकडे वळणे) आणि फेड (शेवटी डावीकडे वळणे) दाखवतात. यांपैकी वेगाचा आकडा नवख्याला सर्वांत जास्त फसवतो, कारण १२ किंवा १३ वेगाचा ड्रायव्हर पुरेशा जोराने फेकला गेला नाही तर लांब जाण्याऐवजी लवकरच डावीकडे वळतो आणि थेट झाडीत शिरतो. ४ किंवा ५ वेगाची मिडरेंज त्याच हातातून अधिक सरळ जाते आणि बुंध्याला लागली तरी सहसा फार दूर उडत नाही. रंगाच्या बाबतीत हिरव्या आणि तपकिरी डिस्क घरी ठेवाव्यात; गुलाबी किंवा भडक नारिंगी डिस्क पालापाचोळ्यात लवकर दिसते.

टीवर उभे राहिल्यावर आधी झाडे मोजण्याचा मोह आवरावा आणि झाडांमधली मोकळी जागा शोधावी. शक्य असल्यास फेकण्याआधी थोडे पुढे चालत जाऊन डिस्कची वाट नजरेखालून घालावी, कारण टीवरून एकच भिंत वाटणारी झाडे बाजूने पाहिली की अनेकदा एकमेकांपासून बरीच लांब असतात. लक्ष्य म्हणून टोपली धरू नये. जवळच्या फटीच्या मध्यावर पलीकडे दिसणारे एखादे पान किंवा सालीवरचा डाग निवडावा. दिशेत एका अंशाची चूक झाली तर २० मीटरवर डिस्क सुमारे ३५ सेंटिमीटर सरकते आणि ६० मीटरवर साधारण एक मीटर. याचा अर्थ असा की २० मीटरवरच्या ३ मीटर रुंद फटीत दोन्ही बाजूंना सुमारे चार अंशांची मुभा मिळते, पण तेवढीच फट ६० मीटरवर असेल तर ती मुभा दीड अंशाच्या आतबाहेर उरते. म्हणून दूरच्या अरुंद फटीतून जाण्यापेक्षा तिच्या अलीकडे, पुढची फेक मोकळी मिळेल अशा ठिकाणी डिस्क उतरवणे बहुतेकदा शहाणपणाचे ठरते.

रुंदीइतकीच उंचीही पाहावी लागते. डिस्कची पुढची कड वर उचलली गेली की ती हवेत चढते, वेग गमावते आणि वरच्या फांद्यांत अडकते. मनगट थोडे खाली वळवून कड सपाट ठेवल्यास ती फांद्यांच्या छताखालून निघते. वाट डावीकडे वळत असेल तर हायझर, म्हणजे बाहेरची कड खाली झुकवून केलेली फेक, नैसर्गिकपणे बसते. उजवीकडे वळणाऱ्या वाटेसाठी बॅकहँडने बाहेरची कड वर धरून अ‍ॅनहायझर करता येतो, परंतु फोरहँड, म्हणजे हात शरीराच्या बाजूने पुढे आणून फेकण्याचा प्रकार, येत असेल तर तो अधिक भरवशाचा, कारण त्यात डिस्क शेवटी आपोआप उजवीकडे वळते आणि मागे हात नेण्यासाठी जागाही कमी लागते. धावत येऊन पूर्ण जोर लावण्याची येथे सहसा गरज नसते. उभ्यानेच, जोर आवरून केलेली फेक अंतर थोडे गमावते, पण दिशा राखते.

आता मुख्य प्रश्न. डिस्क झाडाला लागून वाटेबाहेर गेली आहे, समोर बुंध्यांच्या मधून टोपलीचा तुकडा दिसतो आहे, आणि हातभर रुंद फटीतून ती थेट गाठता येईल असे वाटते आहे. अशा वेळी स्वतःला एकच विचारावे: हीच फेक दहा वेळा केली तर किती वेळा पार होईल? उत्तर तीन-चारच्या वर जात नसेल तर डिस्क आडवी, प्रसंगी थोडी मागेही, वाटेवर काढावी. पार तीनच्या, म्हणजे तीन फेकींत संपवणे अपेक्षित असलेल्या, होलवर टीवरची पहिली फेक, बाहेर काढण्याची एक, टोपलीजवळ नेण्याची एक आणि शेवटचा पट, म्हणजे टोपलीत टाकण्याची जवळची फेक, असा हिशोब चारवर थांबतो. थेट प्रयत्न दुसऱ्या झाडाला लागला की तोच आकडा पाच किंवा सहा होतो. वाटेवर काढण्यासाठी पटर हातात घ्यावा, खाली वाकून तो जमिनीलगत सरकवावा आणि पुढची फेक कोणत्या बाजूने सोपी होईल हे आधीच ठरवावे.

येथे नियमही उपयोगी पडतात. थांबलेली डिस्क तशीच ठेवून तिच्या मागे उभे राहता येते, किंवा तिच्या पुढच्या कडेला लागून, टोपलीच्या रेषेवर, छोटी मार्कर डिस्क ठेवून मूळ डिस्क उचलता येते. दुसऱ्या प्रकारात उभे राहण्याची जागा एका डिस्कने, म्हणजे साधारण २१ सेंटिमीटरने, पुढे सरकते, आणि तेवढ्याने हात अडवणारे खोड कधीकधी बाजूला पडते. मोठ्या खोडामुळे मार्करमागे उभेच राहता येत नसेल, तर त्या खोडाच्या लगेच मागे, त्याच रेषेवर, दंडाविना नवी जागा घेता येते. फांद्या मोडणे किंवा बांधून ठेवणे मात्र चालत नाही; उभे राहताना त्या कमीत कमी हलतील अशीच जागा घ्यावी लागते. डिस्क झाडावर अडकली तर तिच्या खाली जमिनीवर खूण करून खेळतात.

टोपलीपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याचे स्पष्ट दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. मधे झाड असेल तर एक पाय मार्करमागे ठेवून दुसरा बाजूला लांब पसरवावा, किंवा गुडघ्यावर बसून खालच्या फांद्यांखालून पट करावा. या दोन्ही स्थितींचा सराव आधी मोकळ्यावर केलेला बरा.

सार्वजनिक उद्यानात पायवाटेवरच्या माणसांना हा खेळ चालू आहे हे माहीत असेलच असे नाही, आणि झाडीमुळे ती दिसतही नाहीत. वळणापलीकडची वाट दिसत नसेल तर सोबत्याला पुढे उभे करावे: तो माणसे थांबली की खूण करतो आणि डिस्क कुठे पडली तेही पाहतो. डिस्क भरकटली तर लाज न बाळगता मोठ्याने ओरडून सावध करावे.

हरवलेल्या डिस्कचा शोध नियमाप्रमाणे तीन मिनिटे चालतो. त्यानंतर एक दंडाची फेक धरून आधीच्या जागेवरून पुन्हा फेकावे लागते. डिस्क सापडण्याची शंका असेल तर शोधायला निघण्यापूर्वीच त्याच जागेवरून तात्पुरती फेक करून ठेवावी, म्हणजे परत येण्याचा फेरा वाचतो. शोधताना डिस्क शेवटची जिथे दिसली तिथपासून सुरुवात करावी आणि आदळल्याचा आवाज आठवून त्या बुंध्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. डिस्कच्या मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने फोन क्रमांक लिहिलेला असेल तर ती नंतर दुसऱ्या खेळाडूला सापडली तरी परत मिळू शकते.