ग्रीक स्वप्नांच्या अभ्यासाला लागताना

प्राचीन ग्रीकांची दैवी दर्शनं आणि भविष्य सांगणारी स्वप्नं हा विषय घेणाऱ्यांना मी आधी होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा 2रा सर्ग वाचायला सांगतो. स्वप्नांची मानसशास्त्रीय मीमांसा करणारी पुस्तकं नंतर. या सर्गात देवांचा राजा झ्यूस ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनकडे स्वप्नाला धाडतो. ते म्हाताऱ्या नेस्टरचं रूप घेऊन राजाच्या उशाशी उभं राहतं आणि सांगतं, ट्रॉय आता पडणार. हे धादांत खोटं असतं. बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला हे ऐकत वाढलेल्या आपल्याला स्वप्नातल्या दर्शनाचं नवल नाही. पण देवानंच ठरवून फसवावं, हे पचायला वेळ लागतो. तो वेळ द्या, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे.

‘उशाशी उभं राहिलं’ हे शब्द वहीत टिपून ठेवा. ‘इलियड’मध्ये अकिलीसला त्याचा मृत मित्र पॅट्रोक्लस भेटतो, ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्यात नायकाची बायको पेनेलोपी हिला बहिणीची छाया दिसते, राजकन्या नॉसिकाकडे मैत्रिणीच्या रूपात देवी अथेना येते, तेव्हा होमर हेच शब्द वापरतो. मूळ ग्रीक ओळी पर्सियस डिजिटल लायब्ररीत फुकट वाचता येतात. शब्दावर क्लिक केलं की त्याचं व्याकरणही मिळतं. भाषा शिकायला त्याच दिवशी सुरुवात करा. भाषांतरांत ही पुनरुक्ती बऱ्याचदा हरवते.

या साच्यात न बसणारी स्वप्नं आणखी रंजक. ‘ओडिसी’च्या 19व्या सर्गात पेनेलोपीच्या स्वप्नात गरुड तिच्या 20 हंसांच्या माना मोडतो आणि स्वतःच त्याचा अर्थ सांगतो. तरी तिचा विश्वास बसत नाही. शिंगाच्या दारातून येणारी स्वप्नं खरी, हस्तिदंताच्या दारातून येणारी फसवी, आणि माझं पहिल्या दारातून आलं असेल असं वाटत नाही, असं ती म्हणते. श्रद्धाळू प्राचीन आणि संशयी आधुनिक अशी विभागणी मनात असेल तर ती इथेच सोडा. इतिहासकार हिरोडोटसच्या 7व्या ग्रंथात इराणचा राजा झर्क्सिस याला स्वप्नात एक आकृती दिसते, तेव्हा त्याचा काका आर्टाबानस त्याला बजावतो की माणूस दिवसा ज्याचा विचार करतो तेच रात्री दिसतं. मग राजाचे कपडे घालून, राजाच्याच पलंगावर झोपून तो ते पडताळून पाहतो, आणि तीच आकृती तापलेल्या सळया घेऊन डोळ्यांवर आल्यावर किंचाळत उठतो.

‘हे खरंच घडलं का?’ या प्रश्नात अडकलेले विद्यार्थी मी पाहिलेत. मी विचारतो, दर्शनानंतर माणसांनी काय केलं? हिरोडोटस सांगतो की इ.स.पू. 490 मध्ये स्पार्टाकडे धावणाऱ्या अथेन्सच्या दूताला, फिलिपिडीसला, डोंगरात पॅन देवानं हाक मारली, तीही जागेपणी. अथेन्सवासीयांनी पुढे अ‍ॅक्रोपोलिसखाली पॅनचं देवस्थान उभारलं, वार्षिक यज्ञ आणि मशालींची शर्यत सुरू केली. एपिडॉरस या गावी वैद्यदेव अ‍ॅस्क्लेपिअसच्या देवळात रोगी रात्री झोपत आणि स्वप्नात देवाची वाट पाहत. तिथल्या इ.स.पू. 4थ्या शतकातल्या शिलालेखांत अथेन्सची अँब्रोसिया आहे. तिचा एक डोळा अधू. नुसत्या स्वप्नानं लंगडे-आंधळे बरे होतात या गोष्टींवर ती हसली. देव स्वप्नात आला आणि म्हणाला, बरं करतो, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहा. मग त्यानं डोळा चिरून औषध ओतलं. सकाळी ती बरी होऊन बाहेर पडली. अशा गोष्टी देवस्थानानं निवडून कोरवल्या होत्या, हे वाचताना ध्यानात ठेवा. हसणाऱ्या बाईची गोष्ट मुद्दाम का कोरली असेल, यावर एक चांगला निबंध होऊ शकतो.

काव्य एका अभ्यासक्रमात आणि शिलालेख दुसऱ्यात शिकवले जातात. ते तुम्हीच जवळ आणा. अर्पणलेखांमध्ये, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंवरच्या लेखांमध्ये, ‘कात ओनार’, म्हणजे स्वप्नानुसार, हे शब्द शोधा. साध्या माणसांनी स्वप्न पाळल्याच्या खुणा तिथे सापडतात.

इ.स. 2ऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरसच्या स्वप्नग्रंथाचे 5 भाग आहेत. शेवटचा आधी वाचा. त्यात 95 स्वप्नं आणि पुढे काय घडलं एवढंच आहे. मग 1ल्या भागाकडे वळा, म्हणजे स्वप्न पाहणारा कोण, त्याचा धंदा काय, गुलाम की स्वतंत्र, हे तो अर्थ लावण्याआधी का विचारतो ते समजेल.