पऱ्हाटीच्या पानाचा फोटो पेंटमध्ये, पण रंग जपून

लाल्या ही विकृती असो की तुडतुडे ही रस शोषणारी कीड, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान दोन्हींत लालच होतं. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला फोटो पाठवायचा तर पानाचा खरा रंग तसाच पोचायला हवा. त्याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजमधलं पेंट पुरतं.

आधी मूळ फोटोची कॉपी करा आणि काम कॉपीवरच करा. ‘सिलेक्ट’ने पानाभोवती चौकोन ओढून ‘क्रॉप’ करा, म्हणजे बाजूचं वावर, बांध सगळं निघून जातं. मग कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून ‘रिसाइझ’ उघडा, पिक्सेल निवडा आणि रुंदी १२०० ठेवा. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवणारी खूण तेवढी असू द्या, नाहीतर पान चपटं होतं.

खरी चूक सेव्ह करताना होते. २५६ रंगांचा बिटमॅप हा फाइलचा प्रकार निवडला की पिवळ्यातून लालाकडे जाणाऱ्या बारीक छटा जाऊन नुसते ठिपके उरतात. माझा एक चांगला फोटो असाच वाया गेला. २४-बिट बिटमॅपमध्ये रंग टिकतात, पण १२०० बाय ९०० चा फोटोही तीन एमबीच्या वर जातो. गावच्या नेटवर्कला जेपीईजी हा कमी जागा घेणारा प्रकारच बरा. मात्र जेपीईजी दर वेळी सेव्ह करताना थोडा खराब होतो, म्हणून सगळं काम उरकून एकदाच सेव्ह करा.

डागाभोवती ब्रशने गोल करायचा असेल तर निळा रंग घ्या. लाल पानावर लाल गोल दिसत नाही.