आईची लोणच्याची बरणी अशी जोडली

सांगलीहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना आईची तपकिरी-पांढरी चिनी मातीची बरणी फुटली. कडेचे मोठे तुकडे हाती आले, बाकी कपच्या. टाकवेना.

चिकटवण्याआधी धुणं महत्त्वाचं. वर्षानुवर्षांचं तेल फुटक्या कडेत मुरलेलं असतं आणि तेलकट कडेला गोंद धरत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात तुकडे भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, उन्हात कडकडीत वाळवले. तरी मोहरी-हिंगाचा वास येतच होता. तो गेला नाही याचं मला बरंच वाटलं.

मग तुकडे नुसतेच जुळवून क्रम ठरवला. अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समप्रमाणात कालवून अगदी पातळ लावलं; थर जाड झाला की शेवटचा तुकडा बसत नाही. मास्किंग टेपने आवळून बरणी वाळूच्या बादलीत तिरकी खोचली, म्हणजे तुकडा स्वतःच्या वजनाने दाबून राहतो. उडालेल्या कपच्यांच्या जागी एम-सील भरलं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला.

लोणचं मात्र तिच्यात घालत नाही. हा गोंद खाण्याच्या भांड्यांसाठी नसतो. नव्या ओट्यावर तिच्यात पळ्या-उलथणी उभी असतात. कैरीसाठी काचेची बरणी आणली, मसाला आईच्याच प्रमाणाने.